स्वर्गातले जोडे

दलित साहित्याच्या चर्चेत ‘स्वर्ग’ हा शब्द आला की तो बहुधा शिवीसारखाच येतो. स्वर्ग म्हणजे भटाने दाखविलेले आमिष, मिशनऱ्याने चाटविलेला मध, भुकेल्याला झोपविण्याची अंगाई. हे सारे मीही व्याख्यानांतून बोललो आहे आणि त्यावर टाळ्याही घेतल्या आहेत. त्यात खोटे काही नाही. पण एखादी गोष्ट खरी असूनही अपुरी असू शकते, आणि समीक्षकाने अपुऱ्या सत्यावर फार काळ मुक्काम करू नये.

हा प्रश्न माझ्याकडे पुस्तकातून आलेला नाही. माझ्या आजीची धाकटी बहीण नगर जिल्ह्यात एका ख्रिस्ती घरात दिलेली. आमचे घर बौद्ध, तिचे ख्रिस्ती. पण दोन्ही घरे मूळची महारवाड्यातलीच. तिला आम्ही धाकटी आजी म्हणत असू. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी तिच्याकडे राहिलो होतो. संध्याकाळी ती ओट्यावर बसून गीते म्हणे, आणि त्या गीतांत स्वर्गच स्वर्ग. मी नुकताच मार्क्स वाचलेला, म्हणजे त्याचे अफूविषयीचे एक वाक्य वाचलेले. १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच परिच्छेदात धर्माला त्याने पीडिताचा उसासा आणि खऱ्या दुःखाविरुद्धचा निषेधही म्हटले आहे, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळले. मी तिला विचारले, “आजी, तुझ्या त्या स्वर्गात असणार तरी काय?” ती म्हणाली, “नळ आसल. घरात नळ. आन् कुनाची तू, आसं कुनी इचारायचं न्हाई.” मी हसलो. एवढेच नव्हे, तर तिला अर्धा तास व्याख्यान दिले.

त्या उत्तराचे मोल मला कळले ते अमेरिकेतील काळ्या गुलामांची धर्मगीते वाचताना. या गीतांना तेथे ‘स्पिरिच्युअल्स’ म्हणतात. आपल्या चळवळीचे काळ्यांच्या चळवळीशी नाते जुने आहे. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते साहित्य मराठीत आणून पोचविले. परंतु आपण त्यातून राइट, बाल्डविन, ह्यूज घेतले आणि ही गाणी मात्र बाजूला ठेवली. कारण उघड होते. त्यांत देव होता, येशू होता, आणि मेल्यावर जावयाचा गाव होता.

ही गाणी कोणा एका कवीची नाहीत. शेतात कापूस वेचणाऱ्यांनी, रात्री झाडीत लपून प्रार्थनेला जमणाऱ्यांनी ती रचली. गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ साली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६७ मध्ये, अ‍ॅलन, वेअर आणि गॅरिसन या तिघा गोऱ्या संपादकांनी ‘स्लेव्ह साँग्ज ऑफ द युनायटेड स्टेट्स’ हा पहिला मोठा संग्रह छापला. म्हणजे जी गाणी आज आपण वाचतो ती कानावरून कागदावर आली आहेत, आणि कागदावर आणणारा हात बहुधा गोऱ्याचा आहे, हे वाचताना विसरू नये.

यांतील एक गाणे जोड्यांविषयी आहे. आशय असा: देवाच्या सगळ्या लेकरांना जोडे आहेत, मलाही आहेत; वर गेल्यावर ते घालून मी सगळ्या स्वर्गभर हिंडणार आहे. मग जोड्यांच्या जागी झगा येतो, पंख येतात, वीणेसारखे वाद्य येते. ऐकणाऱ्या गोऱ्या मालकिणीला हे भोळ्या लेकरांचे बागडणे वाटत असेल. पण जोडा ही काय वस्तू होती ते फ्रेडरिक डग्लसच्या १८४५ सालच्या आत्मचरित्रात पाहावे. तो मेरीलँडमधल्या ज्या मळ्यावर वाढला तेथे मोठ्या गुलामाला वर्षाकाठी जे कपडे मिळत त्यांत जोड्यांचा एक जोड असे. जी मुले अजून शेतात कामाला जुंपलेली नसत त्यांना जोडे नाहीत, मोजे नाहीत, विजार नाही. वर्षाला दोन जाडेभरडे सदरे, तेवढेच. ते फाटले की पुढच्या वाटपापर्यंत उघडे. आणि हिंडण्याचे म्हणावे तर मालकाची चिठ्ठी खिशात असल्याखेरीज गुलामाला मळ्याबाहेर पाऊल टाकता येत नसे. रस्त्यावर गस्तवाले असत. आता ते गाणे पुन्हा वाचावे. जोडे घालून, कोणाची चिठ्ठी न घेता, सगळीकडे हिंडणे. यात ढगांवरचे काय आहे? ही तर मळ्यावरच्या मनाईंची उलटी यादी आहे.

आपल्या वाचकाला याचे भाष्य नको. पाटलाच्या आळीतून जाताना चपला काढून हातात घेतलेली माणसे आपण पाहिली नसली, तरी ज्यांनी पाहिली त्यांच्या मांडीवर आपण वाढलो आहोत.

त्याच गाण्यात मध्येच एक तिरकस टोमणा आहे. स्वर्गाच्या गोष्टी सांगणारे सगळेच काही तेथे पोचत नाहीत, असा त्याचा भाव. हा बाण मालकावर आहे. रविवारी तोच मालक, किंवा त्याने आणलेला पाद्री, आज्ञापालनाचा उपदेश करी. चाकराने धन्याचे ऐकावे एवढाच बायबलचा अर्थ. उरलेले बायबल गुलामाच्या हाती पडू नये याची काळजी किती घेतली जाई, त्याचा छापील पुरावा उपलब्ध आहे. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी १८०७ साली लंडनमध्ये निवडक बायबल छापले गेले. इस्राएल लोकांना मिसरातून सोडवून नेल्याची कथा त्यातून गाळली होती, हे समजण्यासारखे आहे. पण शेवटचे ‘प्रकटीकरण’ हे पुस्तकही गाळले होते. नवे आकाश आणि नवी पृथ्वी येणार, पहिली नाहीशी होणार, डोळ्यांतले आसू पुसले जाणार, ते हेच पुस्तक. स्वर्ग ही जर नुसती अफू असती, तर मळेवाल्यांच्या सोयीसाठी निवडलेल्या बायबलातून ती काढून का घेतली? ती तर त्यांनी पोत्याने वाटावयास हवी होती. माझ्या अफूच्या व्याख्यानाला पहिला तडा येथे गेला.

यावर आपल्यातील काही पुरोगामी मित्र लगेच म्हणतात, बरोबर आहे, म्हणजे ‘स्वर्ग’ ही सांकेतिक भाषा होती. स्वर्ग म्हणजे उत्तरेकडील मुक्त राज्ये. याला आधार आहे. डग्लसने १८५५ च्या पुस्तकात स्वच्छ लिहिले आहे की, पळून जाण्याचा बेत करीत असताना तो आणि त्याचे सोबती ‘कनान’ गात, त्यांच्या मनात उत्तरच असे. यादवी युद्धात काळ्या सैनिकांच्या पलटणीचा गोरा कर्नल असलेल्या हिगिन्सन याने १८६७ साली नोंदविले आहे की, युद्धाच्या आरंभी दक्षिण कॅरोलिनातील जॉर्जटाउन येथे लवकर मुक्ती येणार असे सांगणारे भजन म्हटल्याबद्दल काळ्यांना तुरुंगात टाकले होते. मालक बहिरे नव्हते.

तरीही हा युक्तिवाद मला पूर्ण पटत नाही. त्यात सुशिक्षिताची एक सोय दडलेली आहे. स्वर्गाचे भाषांतर ‘उत्तर’ असे केले की गाणे क्रांतिकारक ठरते आणि आपल्याला देवाधर्माची अडचण राहत नाही. पण डग्लस पळाला तेव्हा वीस वर्षांचा होता. जी पळू शकत नव्हती, जिच्या पोटी लेकरे होती, जिची लेकरे विकली गेली होती आणि जी साठीला आली होती, तिचे काय? तिच्यासाठी कनान उत्तरेला नव्हते. तिचा स्वर्ग हा स्वर्गच होता. तिच्या गाण्याला आपण काय म्हणणार आहोत? पळणाऱ्याचे गाणे विद्रोही आणि राहिलेलीचे गाणे लाचार, अशी वाटणी करणारा समीक्षक मला तरी मान्य नाही.

काळ्या विचारवंतांतही यावर एकमत नव्हते. बेंजामिन मेज यांनी १९३८ मध्ये ‘द निग्रोज गॉड’ या ग्रंथात या गीतांतील देवकल्पना मुख्यतः भरपाई करणारी आहे, येथे न मिळालेले तेथे मिळवून देणारी आहे, असे मत मांडले. हॉवर्ड थर्मन यांनी १९४७ मध्ये हार्वर्डच्या व्याख्यानात मृत्यू आणि परलोकाच्या याच गीतांकडे गंभीरपणे पाहिले. ज्याच्या देहाची बाजारात किंमत लागते तो माणूस देहापलीकडे आपली किंमत कशी राखतो, हा त्यांच्या विचाराचा गाभा. जेम्स कोन यांनी १९७२ च्या ‘द स्पिरिच्युअल्स अँड द ब्लूज’मध्ये हा धागा पुढे नेला. मालकाने केलेली गुलामाची व्याख्या अखेरची नाही, हे सांगण्याची जागा म्हणजे स्वर्ग, अशी त्यांची मांडणी आहे. मला कोन जवळचे वाटतात. तथापि मेज यांचा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. या स्वर्गात सोन्याचे रस्ते आहेत, मुकुट आहेत, सिंहासन आहे. राजाच्या वाड्यातले सामान उचलून गुलामाने आपल्या स्वप्नात मांडले आहे. राजा कशाला हवा, हा प्रश्न ती गाणी विचारीत नाहीत. तो प्रश्न विचारणारा बुद्ध आपल्याला मिळाला, म्हणून आपल्याला हे दिसते. त्यांना का दिसले नाही म्हणून त्यांना नावे ठेवणे सोपे आहे.

या गाण्यांच्या इतिहासातला एक प्रसंग मला स्वतःला लागून गेला. नॅशव्हिल येथील फिस्क ही मुक्त गुलामांसाठी १८६६ साली उघडलेली शाळा पैशाअभावी बंद पडावयास आली, तेव्हा १८७१ मध्ये तेथील विद्यार्थ्यांचा एक गायकसंघ पैसे जमवावयास बाहेर पडला. त्यांतले बहुतेक गुलामीत जन्मलेले; घराण्यात पहिल्यांदा अक्षर गिरविणारे. आरंभी ते गोऱ्यांच्या मैफलीतली गाणी गात. आईबापांची गाणी चारचौघांत म्हणावयास ते तयार नव्हते. संघातल्या एला शेफर्ड यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, ती गाणी गुलामीशी आणि अंधाऱ्या भूतकाळाशी जोडलेली होती, आणि वडीलधाऱ्यांना ती पवित्र होती. लाज आणि पावित्र्य एकाच गाण्याविषयी! शिकलेल्या पहिल्या पिढीच्या मनाचा हा गुंता ज्याने भोगला त्यालाच कळेल. महाविद्यालयात नोकरी लागल्यावर सहकाऱ्यांच्या देखत मी धाकट्या आजीचा फोन घेत नसे. ती फोनवरही मोठ्याने “परमेश्वराची इच्छा” म्हणे, आणि मला लाज वाटे. फिस्कच्या मुलांनी पुढे ती गाणी गाइली, १८७३ साली व्हिक्टोरिया राणीपुढेही गाइली, आणि त्या पैशातून महाविद्यालयाची इमारत उभी राहिली. गोरे श्रोते रडत म्हणे. गुलामाच्या स्वर्गावर रडणे त्याच्या पगारावर बोलण्यापेक्षा स्वस्त पडते, हेही खरेच.

आता आपल्याकडे. नगर भागात अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होते. महार-मांगांतून पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. त्यांच्या तोंडी जी गीते आली ती दोन वाटांनी आली: एक इंग्रजीवरून मिशनऱ्यांनी केलेली, दुसरी रेव्हरंड टिळकांसारख्या धर्मांतरित ब्राह्मण कवीची. टिळक थोर कवी होते. अभंगाची भाषा त्यांनी ख्रिस्ताच्या पायी आणली. पण ‘उपासना संगीत’ चाळताना मला राहून राहून वाटते की या स्वर्गात आत्मा पापमुक्त होतो, शुभ्र होतो, शांत होतो; त्याच्या पायांत जोडे मात्र नाहीत. पाणवठा नाही, वेस नाही. कारण रचणाऱ्याचे पाय कधी पोळलेले नव्हते. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर लिहिताना नेमके हेच दाखविले आहे: आपली अवनती भोवतालच्या समाजव्यवस्थेने केली हे ज्याला कळावयास हवे होते, त्याला ती आपल्याच पापामुळे झाली असे शिकविले गेले. ही टीका मला आजही बिनतोड वाटते. गुलामाच्या गाण्यात पाप बहुतेक वेळा मालकाच्या दारात असते. आपल्या गीतात ते गाणाऱ्याच्या उरात घातलेले आहे.

पण गीत छापील असले तरी म्हणणारी माणसे छापील नसतात. धाकट्या आजीच्या थोरल्या मुलाला १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीत जागा नव्हती. तो दरवाजा १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना उघडला. ख्रिस्ती दलितांना उघडलेला नाही. गावाने मात्र त्यांना कधी ख्रिस्ती मानले नाही. गावाच्या लेखी ते महारच. कागदावर एक, वेशीवर दुसरे. दाखल्यासाठी तो किती कचेऱ्या हिंडला ते ती बोटे मोजून सांगे आणि मग गीत म्हणे. त्या गीतात ‘नळ’ हा शब्द नव्हता. तो तिने आपल्या मनात घातला होता आणि मी विचारले तेव्हा काढून दाखविला होता. टिळकांच्या स्वर्गात तिने आपली पाण्याची लाइन ओढून घेतली होती, असे म्हणावयास हरकत नाही. अशा स्वतःच्या भरी आपल्या ख्रिस्ती वस्त्यांतल्या बायकांनी किती घातल्या असतील, ओव्यांत, जात्यावर, मर्तिकाच्या रात्री? दलित साहित्याच्या संकलकांनी त्या ओट्यांवर कितीसे जाऊन पाहिले? आपण बौद्धवाड्यातून निघालो आणि मातंगवस्तीपर्यंत उशिरा का होईना पोचलो. ख्रिस्ती गल्लीत शिरताना आपले पाय अजून अडखळतात, कारण तेथे स्वर्गाचा विषय निघतो.

धाकटी आजी तीन वर्षांपूर्वी गेली. तिच्या घरात नळ आला तो ती जाण्याच्या आधी दोन वर्षे; पाणी चार दिवसांआड येते. तिची गीतांची वही धाकट्या मुलाकडे आहे. पेन्सिलीने लिहिलेली, मधूनमधून तिचे स्वतःचे शब्द घातलेली, असे तो सांगतो. मी ती अजून पाहिलेली नाही. परीक्षांचे काम आटोपले की जाणार आहे.