'कच्चे' आणि 'पक्के' : गृहविचारातील एका शब्दयुग्माची चिकित्सा

१

मराठीत 'कच्चा' व 'पक्का' ही विशेषणांची जोडी व्यवहाराच्या अनेक क्षेत्रांत वावरते. कच्ची पावती व पक्की पावती, कच्चा रस्ता व पक्का रस्ता, कच्चा हिशेब, पक्की खबर, गणितात कच्चा विद्यार्थी हे सर्व प्रयोग परिचयाचे आहेत. ह्यांपैकी 'पक्का' हा शब्द संस्कृत 'पक्व'पासून आलेला असून शिजलेले, पिकलेले, भाजलेले हे त्याचे मूळचे अर्थ होत. बांधकामाच्या परिभाषेत हा मूळचा अर्थ एका ठिकाणी अद्याप शाबूत आहे. उन्हात वाळवलेली ती कच्ची वीट आणि भट्टीत भाजलेली ती पक्की वीट. येथे विशेषण केवळ वर्णन करते. वीट भाजली आहे की नाही, एवढीच माहिती ते देते. ती चांगली की वाईट, हे सांगत नाही.

हेच विशेषण विटेवरून घराकडे गेले की त्याचा स्वभाव पालटतो. पक्क्या विटेचे घर ते पक्के घर, हा लक्षणेचा सरळ व्यापार झाला; अंशाचे विशेषण समग्राला लागले. परंतु घराला लागलेल्या 'पक्के' ह्या शब्दात पक्क्या खबरीतील विश्वसनीयता, पक्क्या पावतीतील अधिकृतता आणि पक्क्या रस्त्यातील प्रगती ह्या सर्व छटा मिसळलेल्या असतात. त्याच न्यायाने 'कच्चे घर' म्हणताच अपुरेपणा, अविश्वास व तात्पुरतेपणा हे अर्थ मनात उभे राहतात. वर्णनाचा शब्द मूल्यमापनाचा झाला, आणि हे स्थित्यंतर इतक्या सहजपणे घडले की ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. समकालीन वास्तुविचारात स्थानिक व पारंपरिक सामग्रीविषयी जो वाद चालू आहे, त्यातील पुष्कळसा गोंधळ ह्या अनवधानातून निर्माण झाला आहे.

२

ह्या शब्दयुग्माने शासनव्यवहारात कोणते रूप घेतले, ते प्रथम पाहणे इष्ट ठरेल. भारताच्या २०११ च्या जनगणनेत घरांचे वर्गीकरण कायमस्वरूपी, निमकायम व तात्पुरते असे करण्यात आले. भिंत व छप्पर ह्यांची मुख्य सामग्री कोणती, हा त्याचा निकष होय. भाजलेली वीट, काँक्रीट, चुन्यात वा सिमेंटात बांधलेला दगड ह्यांच्या जोडीने धातूचे व ॲस्बेस्टॉसचे पत्रेही कायम सामग्रीत मोडतात. माती, कच्ची वीट, बांबू, गवत व लाकूड ही तात्पुरत्या सामग्रीत येतात, आणि त्यांच्याच पंगतीत प्लास्टिकचा कागदही बसतो. परिणामी चारी बाजूंनी पत्रे ठोकलेली, वैशाखात भट्टीसारखी तापणारी खोली ही कायम ठरते. तीन पिढ्या नांदलेले जाड मातीभिंतीचे घर, त्यावर गवताचे छप्पर असल्यास, तात्पुरते ठरते. शिरगणतीला ढोबळ वर्ग लागतात हे मान्य केले, तरी ह्या वर्गांना दिलेली नावे सामग्रीची नसून आयुर्मानाची आहेत, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. भिंत कशाची आहे हे मोजले गेले आणि ती किती टिकेल हे जाहीर केले गेले.

ह्याच्या उलट, २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) मार्गदर्शिकेत पक्क्या घराची जी व्याख्या आहे ती अधिक समंजस आहे. नेहमीचा वापर व हवामानादी नैसर्गिक शक्ती ह्यांना, वाजवी निगा राखल्यास, किमान ३० वर्षे तोंड देऊ शकेल ते पक्के घर, असा तिचा आशय आहे. येथे सामग्री गौण असून टिकाव हा निकष आहे. आणि विशेष म्हणजे टिकावाबरोबर निगेचाही उल्लेख आहे. परंतु ज्या समाजात 'पक्के' म्हणजे विटा, सिमेंट व स्लॅब हे समीकरण रूढ झाले आहे, तेथे अशी व्याख्या कागदावर राहण्याचा संभव अधिक. लाभार्थी, गवंडी व तपासणीस येणारा अधिकारी हे तिघेही व्याख्येतला शब्द वाचत नाहीत, रूढीतला शब्द ऐकतात.

३

शासकीय वर्गीकरणाविरुद्ध उभा राहणारा पक्ष मातीच्या पुरस्कर्त्यांचा. त्यांचा मुख्य युक्तिवाद आज दुर्लक्षिण्याजोगा नाही. सिमेंटचा क्लिंकर तयार करण्यासाठी सुमारे १४५० अंश सेल्सियस इतके तापमान लागते, शिवाय चुनखडी भाजताना तिच्यातूनच कर्बवायू बाहेर पडतो. जगातील कर्बवायूच्या एकूण उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा सिमेंटनिर्मितीचा धरला जातो. 'पक्व' ह्या शब्दात जो अग्नी दडलेला आहे त्याची किंमत आता उघड झाली आहे, असे म्हणता येईल. मात्र पुरस्कर्त्यांपैकी अनेकजण शब्दयुग्माची चिन्हे उलटी करण्यापलीकडे जात नाहीत. पूर्वी पक्के ते चांगले होते, आता कच्चे ते चांगले झाले. सामग्रीवरून घराची पारख करण्याची रीत तीच राहिली. ह्या दृष्टीने दोन ख्यातनाम वास्तुकारांच्या कामांची तुलना उद्बोधक ठरते.

ईजिप्तचे हसन फाथी (१९००–१९८९) ह्यांनी लक्सरजवळ नवे गुर्ना हे गाव १९४५ च्या सुमारास हाती घेतले. प्राचीन थडग्यांच्या टेकडीवर राहणाऱ्या लोकांना तेथे हलवावयाचे होते. लाकडी साच्यावाचून कमानदार छत रचण्याची न्यूबियातील गवंड्यांची विद्या फाथींनी पुनरुज्जीवित केली आणि कच्च्या विटेतून डौलदार घुमट उभारले. वास्तुकला म्हणून ह्या कामाची थोरवी वादातीत आहे. परंतु ज्यांच्यासाठी गाव बांधले ते लोक तेथे जावयास तयार झाले नाहीत, आणि काम पूर्ण होण्यापूर्वीच थांबले. थडग्यांच्या सान्निध्यावर त्यांची उपजीविका अवलंबून होती. घराची सामग्री हा त्यांच्यापुढील प्रश्नच नव्हता. पुढे मूळ घरांपैकी पुष्कळशी जाऊन तेथे काँक्रीटची घरे उभी राहिली. फाथींचे ह्या प्रयोगावरील पुस्तक १९६९ साली कैरोत निघाले आणि १९७३ नंतर जगभर वाचले गेले. गावापेक्षा ग्रंथ अधिक टिकाऊ ठरला, ही त्या प्रयोगाची शोकांतिका होय.

लॉरी बेकर (१९१७–२००७) ह्यांनी केरळात केलेल्या कामाची जात वेगळी आहे. तिरुवनंतपुरम येथील विकास अध्ययन केंद्राच्या त्यांनी बांधलेल्या इमारतींत माती नव्हे, तर भाजलेली वीट मुख्य आहे. रूढ परिभाषेत ते सर्व बांधकाम पक्केच म्हणावे लागेल. बेकर ह्यांचे लक्ष सामग्रीच्या कुळापेक्षा तिच्या मात्रेकडे होते. 'रॅट-ट्रॅप' बांधणीत विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवतात. त्यामुळे सुमारे एकचतुर्थांश विटा वाचतात आणि पोकळीतील हवा उष्णतेला अडवते. स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीट भार पेलण्यास फारसे उपयोगी पडत नाही, हे ओळखून त्यांनी तेथे जुनी मंगलोरी कौले घातली. गिलावा वगळला, खिडकीऐवजी विटांची जाळी केली. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच: येथे ह्या वस्तूची गरज आहे काय? तथापि बेकर-पद्धतीचे गुणगान करतानाही एक मर्यादा सांगितली पाहिजे. केरळातील भट्ट्यांना लागणारी चिकणमाती भातखाचरांतून येते. स्थानिक सामग्री निरुपद्रवी असतेच असे नाही. कोकणातील सड्यांवर जांभा दगडाच्या खाणींनी पाडलेले खड्डे ह्याचीच साक्ष देतात. विटा कमी लागणे हा गुण आहे, वीट जवळची असणे हा स्वतंत्र गुण नव्हे.

४

सामग्रीवरून निर्णय करण्याच्या पद्धतीची खरी कसोटी महाराष्ट्रातच लागली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर व धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) ह्या जिल्ह्यांतील हजारो माणसे आपापल्या घरांखाली दडपून मृत्यू पावली. ही घरे स्थानिक सामग्रीची होती: दगडाच्या दोन फुटांहून जाड भिंती, मातीचा दर्जा, वर लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचे माळवद. पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी माळवदावर नवी माती टाकण्याचा परिपाठ असल्यामुळे छताचे ओझे वर्षानुवर्षे वाढत गेलेले होते. पारंपरिक बांधकामाचे स्तोत्र गाणाऱ्याने ह्या घटनेसमोर प्रथम थांबले पाहिजे.

परंतु भूकंपानंतर लोकांनी व शासनाने दगड आणि माती ह्यांनाच अपराधी धरले, हाही निर्णय घाईचा होता. त्या भिंती पडल्या त्या दगडाच्या होत्या म्हणून नव्हेत. आतला व बाहेरचा असे दोन सुटे थर, मध्ये चिपांची भर, आणि दोहोंना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, अशी त्यांची रचना होती; हादरा बसताच थर एकमेकांपासून सुटले. उलट, जेथे खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा सलग व शाबूत होता, तेथे भिंत ढासळूनही छप्पर तरल्याची उदाहरणे आढळली. ही घरे खणांनी मोजली जात, आणि 'खण' हे माप खांबांमधील अंतराचे, म्हणजे सांगाड्याचे आहे, भिंतीचे नव्हे. भाषेने जे ज्ञान जपले होते ते बांधणाऱ्याच्या हातून हळूहळू सुटले, असा निष्कर्ष येथे निघतो.

ह्या निष्कर्षाला कच्छने पुष्टी दिली. २६ जानेवारी २००१ चा भूकंप सुमारे ७.७ तीव्रतेचा, म्हणजे किल्लारीहून कितीतरी प्रबळ होता. त्यात दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. पण कच्छमधील भुंगे, म्हणजे मातीच्या गोल भिंतींची व गवताच्या हलक्या शंक्वाकृती छपरांची घरे, मोठ्या प्रमाणात उभी राहिली. जनगणनेच्या भाषेत भुंगा तात्पुरता आणि बहुमजली इमारत कायम. गोल भिंतीला कमकुवत कोपरा नसतो आणि हलक्या छपराचे ओझे नसते, एवढा ह्या टिकावाचा अर्थ आहे. किल्लारीत पारंपरिक घर पडले व कच्छमध्ये ते टिकले. दोन्हीकडे माती होती. तेव्हा निर्णायक गोष्ट माती नव्हे, तर सांधा व छप्पर ह्या होत.

५

सांधा व छप्पर ह्यांच्या जोडीला तिसरा घटक येतो तो निगेचा. मराठीत त्यासाठी क्रियापदांची मोठी संपत्ती आहे: सारवणे, लिंपणे, पोतेरे देणे, घर शाकारणे, कौले परतणे. ही सर्व क्रियापदे पुन्हापुन्हा करावयाच्या कामांची आहेत. त्यांच्यामागे गृहीत धरलेले घर एकदा बांधून संपत नाही, दरसाल थोडे थोडे बांधले जाते. 'पक्के' ह्या विशेषणाने ह्या क्रियापदांना निरुपयोगी ठरवले. पक्के म्हणजे ज्याकडे पुन्हा पाहावे लागत नाही, असा समज रुजला. स्लॅब गळू लागला व आतली सळई गंजली म्हणजे हा समज किती खोटा होता ते कळते, परंतु तोपर्यंत दुरुस्ती गवंड्याच्या हातची राहिलेली नसते.

तथापि येथेही एक अप्रिय सत्य सांगणे प्राप्त आहे. सारवणे व लिंपणे ह्या क्रियापदांचा कर्ता बहुतांशी स्त्री आहे. शेण-माती कालवणे, गुडघ्यांवर बसून जमीन सारवणे, पावसाळ्यानंतर भिंतीचे पोपडे पुन्हा भरणे, हे श्रम तिच्या वाट्याला आले, आणि शेतमजुरी करून आलेल्या बाईला फरशीचे घर हवेसे वाटले तर तो परंपरेचा द्रोह नव्हे. शहरातून डोंगरपायथ्याशी सुट्टीपुरते मातीचे घर बांधणाऱ्याची निगा पगारी माणूस राखतो. खेड्यातील घराची निगा बिनपगारी राखली जाते. मातीच्या वास्तूंवरील सौंदर्यग्राही लेखनात ह्या श्रमाचा हिशेब क्वचितच मांडलेला आढळतो. तो मांडल्यावाचून 'शाश्वत' हे नवे विशेषण घराला लावणे म्हणजे 'पक्के' ह्या जुन्या विशेषणाचीच चूक दुसऱ्या शब्दात करणे होय.

तात्पर्य, घराची पारख करण्यासाठी एका विशेषणाऐवजी तीन प्रश्न विचारणे अधिक युक्त ठरेल: त्याचे सांधे कसे आहेत, त्याच्या छपराचे वजन किती आहे, आणि त्याची निगा कोण व किती श्रमाने राखणार आहे. ह्या तीन प्रश्नांना फाथींचा घुमट, बेकरांची जाळी, किल्लारीचे माळवद, कच्छचा भुंगा आणि योजनेतील स्लॅबचे घर ही सर्व सारख्याच नियमाने उत्तरे देऊ शकतात, आणि त्यांपैकी कोणालाही केवळ सामग्रीच्या जोरावर उत्तीर्ण होता येत नाही. 'कच्ची' व 'पक्की' ही विशेषणे विटेपुरती ठेवावीत. तेथे ती अचूक आहेत.