न दिसलेला गोल

संगणकावरच्या खेळाची समीक्षा दिवाळी अंकात कशाला, असे काही वाचक विचारतील. पण ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ आणि तिचाच पुढला अवतार ‘फुटबॉल मॅनेजर’ ही मालिका मला खेळाइतकीच कादंबरीच्या प्रांतातली वाटते. आणि त्या प्रांतात थोडीफार लुडबूड केलेल्याने तिच्याविषयी बोलायला हरकत नसावी.

इंग्लंडातल्या श्रॉपशायर परगण्यातल्या पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोघा भावांनी घरी बसून रचलेला हा खेळ १९९२ साली बाजारात आला. त्यात चेंडूला पाय लावायचा नसतो. आपण संघाचे व्यवस्थापक. कोणाला विकत घ्यायचे, कोणाला बाकावर बसवायचे, कोणाची समजूत काढायची, एवढेच आपल्या हाती. सामना सुरू झाला की पडद्यावर एकेक ओळ उमटे: अमक्याने चेंडू आत टाकला, तमक्याने डोके लावले. पुढली ओळ येईपर्यंत जीव टांगणीला. बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन रेडिओला कान लावून ऐकलेल्या पिढीला यातली गंमत समजावून सांगायला नको. मैदान ज्याच्या त्याच्या डोक्यात असते, आणि तिथले गवत नेहमीच अधिक हिरवे असते.

या लोकप्रियतेचे कारण म्हणून दरसाल मिळणाऱ्या खेळाडूंच्या ताज्या यादीकडे बोट दाखवले जाते. मला ते पटत नाही. तसे असते तर २००१-०२ च्या हंगामाची आवृत्ती केव्हाच अडगळीत गेली असती. ती आजही खेळली जाते. काहीजण तिच्यात नवी नावे भरतात हे खरे, पण पुष्कळांना ती जुनीच माणसे हवी असतात. दुसरा पुरावा याहून बोलका आहे. २००३ साली प्रकाशक आणि कर्ते यांची फारकत झाली. नाव प्रकाशकाकडे राहिले, आतला सगळा संसार कर्त्यांकडे. कर्त्यांनी २००४ मध्ये ‘सेगा’ कंपनीकडून ‘फुटबॉल मॅनेजर’ काढला आणि खेळणारे त्यांच्यामागे गेले. मासिकाचे नाव मालकाकडे उरावे आणि वाचक मात्र संपादकापाठोपाठ निघून जावेत, तसेच हे झाले.

यावर कोणी म्हणेल, की पुढे चित्रे आलीच की! आली. २००३ मध्ये वरून दिसणारे ठिपके आले, २००८ च्या अखेरीस हातपाय असलेली माणसे आली. परंतु चित्र आले ते फक्त सामन्याला. बाकीचा सारा व्यवहार, म्हणजे पत्रे, करार, रुसवेफुगवे, वृत्तपत्रांतली कुजबुज, आजही वाचायचाच असतो. शिवाय वीस हंगाम खेळत गेलात की खरी माणसे निवृत्त होतात आणि संगणकाने जन्माला घातलेली पोरे त्यांची जागा घेतात. तीन पिढ्यांची कादंबरी लिहिताना आमची दमछाक होते. इथे ती वाचकाच्या हातून सहज घडते. मला हेवा वाटतो, हे लपवत नाही.

खेळाडूंची माहिती गावोगावचे हौशी निरीक्षक पाठवतात. आता त्यांची संख्या हजाराच्या वर आहे. २००१-०२ च्या आवृत्तीत पोर्तुगालमधल्या एका लहान क्लबाच्या यादीत टो माडेरा नावाचा अचाट गोल करणारा खेळाडू होता. तो अस्तित्वातच नव्हता. माहिती पाठवणाऱ्या गृहस्थाने स्वतःलाच आत सरकवले होते! लेखकाचा हा फार जुना मोह आहे, आणि मला तो क्षम्य वाटतो.

क्षम्य वाटत नाही ती गोष्ट वेगळी. प्रत्येक खेळाडूमागे दोन आकडे असतात: आजची कुवत दोनशेपैकी किती, आणि उद्याची, फार तर, किती. दुसरा आकडा खेळणाऱ्यापासून झाकलेला असतो. गांबियात जन्मलेला, इंग्लंडातल्या मिलवॉल क्लबाचा चेर्नो सांबा हा पोरगा या खेळात जगज्जेता ठरला. लाखो अनोळखी माणसांनी त्याच्या जिवावर चषक जिंकले. प्रत्यक्षात तो स्पेन, फिनलंड, ग्रीस असा लहानमोठ्या क्लबांतून फिरत राहिला. प्रामाणिक कष्टांचे आयुष्य, पण लोक त्याला त्या कागदी सांबाशी ताडून पाहत राहिले. मी मास्तर आहे. झालेल्या परीक्षेचे गुण मी दरसाल मांडतो. पण न झालेल्या आयुष्याचे गुण सोळा वर्षांच्या मुलापुढे मांडायला माझा हात धजावणार नाही. कादंबरीतल्या पात्राचे भवितव्य मी ठरवतो, कारण त्याला आई नसते.

२०२५ ची आवृत्ती तयार होता होता रद्द झाली. त्या वर्षी नोव्हेंबरात थेट ‘२६’ आली आणि तिच्यात प्रथमच स्त्रियांचे फुटबॉल आले. ते यायलाच हवे होते. आता त्यांच्या नावांमागेही तो झाकलेला आकडा बसला आहे.