नक्षी म्हणू नका

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेली चिनी मातीची जुनी भांडी आहेत. हैदराबादच्या सालारजंगमध्येही आहेत. ते तर आपल्या नांदेड-लातूरकरांना जवळचं. आपण काचेपुढे उभे राहतो आणि म्हणतो, ‘काय सुरेख नक्षी!’ माझा आक्षेप आहे तो या ‘नक्षी’ शब्दाला.

आता बघा, चिनी भाषेत वटवाघूळ म्हणजे ‘फू’ आणि सौभाग्य म्हणजेही ‘फू’. अक्षरं वेगळी, उच्चार एकच. म्हणून पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं : दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि शांत मरण. मासा ‘यू’, विपुलताही ‘यू’. हा श्लेषच झाला, फक्त रंगात मांडलेला. आपल्याकडे वटवाघूळ घरात शिरलं की अपशकुन! प्राणी तोच; अर्थ त्याच्या पंखांत नाही, भाषेत आहे.

मग ती भाषा न येणाऱ्याला काहीच मिळत नाही का? मिळतं की. निळ्या रेघेचा डौल मिळतो, झिलईची चमक मिळते. पण अभंगाची नुसती चाल ऐकून शब्द सोडून द्यावेत, तसं ते रसग्रहण अर्धं राहतं. तेव्हा पुढच्या वेळी आधी विचारा : या प्राण्याला तिकडे म्हणतात काय?