सत्तर रुपये आणि एक सर्वनाम

चित्रपट पडद्यावरून उतरल्यावर कुठे जातो, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. परीक्षण शुक्रवार-शनिवारी लिहून होते, पारितोषिके वर्षाकाठी वाटली जातात आणि मग चित्रपट इतिहासाच्या वहीत जमा होतो. काही चित्रपट मात्र वहीत जायला तयार नसतात. ते चहाच्या टपरीवर, किराणा दुकानाच्या पायरीवर, संध्याकाळच्या कट्ट्यावर येऊन बसतात आणि उठायचे नाव घेत नाहीत. २३ सप्टेंबर १९८८ रोजी प्रदर्शित झालेला 'अशी ही बनवाबनवी' हा त्यांतला सर्वांत चिवट गडी.

त्याच्या थोरवीबद्दल गळा काढण्याचा येथे हेतू नाही. कथानक उसने आहे. हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) या हिंदी चित्रपटावरून ते घेतले, हे सर्वांना ठाऊक आहे. आणि तो हिंदी चित्रपट तरी कुठे फार चालला होता! दिग्दर्शक सचिन, लेखक वसंत सबनीस. पुण्यात अविवाहितांना खोली मिळेना, म्हणून चौघांपैकी दोघांनी लुगडी नेसायची, एवढाच काय तो बेत. धनंजय मानेची 'बायको' पार्वती म्हणजे परशुराम, आणि शंतनूची 'बायको' सुधा म्हणजे सुधीर. हा मजकूर पोस्टकार्डावर मावेल. मग पस्तीस वर्षांहून अधिक काळ माणसे त्याच चित्रपटाच्या भाषेत एकमेकांशी का बोलत आहेत?

केबलवर आणि नंतर उपग्रह वाहिन्यांवर तो वारंवार दाखवला गेला, म्हणून तो पाठ झाला, असे एक उत्तर दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. वारंवार दाखवले गेलेले चित्रपट शेकड्याने आहेत. त्यांची गाणी लोक गुणगुणतात, पण त्यांतले बोलणे कुणी उसने घेत नाही. 'बनवाबनवी'चे बोलणे उचलले जाते याचे श्रेय मी सबनीसांना देतो. 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) लिहिणारा हा लेखक. दादा कोंडके त्यातला हवालदार रोज नवी पुरवणी जोडून रंगवीत, कारण मूळ लेखनातच तशी जागा ठेवलेली होती. वगातली बतावणी अशीच असते. एकाने वाक्य टाकायचे ते समोरच्याने झेलावे म्हणून. झेलणारा नसेल तर ते वाक्य मातीत पडते. 'बनवाबनवी'तले कुठलेही गाजलेले वाक्य काढून पाहा, ते एकट्याने म्हणण्याचे नाही. ते अर्धे आहे. उरलेले अर्धे दुसऱ्याकडे आहे. कट्ट्यावरच्या माणसाला दुसरे काय हवे असते?

लुगड्यातल्या पुरुषांचेही तेच. आपल्या रंगभूमीला स्त्रीपार्टी नवा नाही. ज्यांनी १८८० साली 'शाकुंतल' उभे केले ते अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे; त्यांच्या नाटकमंडळीपासून बालगंधर्वांपर्यंत पुरुषाने स्त्री व्हायचे ते इतके की घरच्या बायकांनी नेसण्याची तऱ्हा त्यांच्याकडून शिकावी. दुसरी परंपरा गौळणीतल्या मावशीची. तिथे पुरुष स्त्री होत नाही. लुगड्यातून मिशी दिसत राहावी यातच तिथली गंमत आहे. सचिन यांची सुधा पहिल्या घराण्यातली आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती दुसऱ्या. एकाच माडीवर ही दोन घराणी नांदवली, आणि कुणी ते बोलून दाखवले नाही, हे मला या चित्रपटाचे सर्वांत मोठे यश वाटते. पार्वती पडद्यावर आली की आपण हसतो ते बेर्डे स्त्री वाटत नाहीत म्हणून. आणि लीलाबाई काळभोरांना (नयनतारा यांनी हे काम फार समजून केले आहे) ते दिसत नाही म्हणून.

आता त्या दोन जागा, ज्यांच्यावाचून आमच्या कट्ट्याचा एक आठवडा जात नाही.

पहिली जागा सत्तर रुपयांची. सुधीर जोशी यांचे घरमालक सरपोतदार मधुमेहाने त्रस्त. परदेशाहून औषध आणून देतो म्हणून धनंजयने त्यांच्याकडून सत्तर रुपये घेतलेले. पुढे औषध आणणारा मित्र वारल्याचे तो सांगतो, आणि मित्रासाठी वापरलेले तेच क्रियापद रुपयांनाही लावतो. एवढेच. 'वारणे' हे अदबीचे क्रियापद आहे. जनावर मरते, माणूस वारतो. ती अदब पैशाला मिळाल्याबरोबर पैसे बुडाल्याची तक्रार करण्याची सोयच उरत नाही. सुतकात का कुणी हिशेब मागतो? अशोक सराफ हे ज्या गंभीर चेहऱ्याने सांगतात त्याला तोड नाही, पण चेहऱ्याआधी तो शब्द आहे.

आमच्या कट्ट्यावर एक निवृत्त हायस्कूल मास्तर येतात. घरची भाषा कन्नड, मराठी उत्तम कळते, बोलताना लिंगे थोडी इकडची तिकडे होतात. या प्रसंगावर त्यांचा शेरा असा : "कन्नडात सांगितलं असतं तर सरपोतदार खूश होऊन घरी गेला असता की हो!" कुणाला कळेना. मग त्यांनी उलगडून सांगितले. कन्नडात माणूस वारला याला 'तीरिकोंडरु' म्हणतात, आणि कर्ज फिटले याला 'साल तीरितु'. धातू एकच, 'तीरु', म्हणजे संपणे. तेव्हा मित्राबरोबर रुपयेही 'तीरले' म्हटले तर ऐकणाऱ्याला वाटायचे की देणे चुकते झाले! मराठीत बुडालेले पैसे कन्नडात फिटतात. समीक्षेची जाड पुस्तके मीही वाचली आहेत. विनोद भाषेच्या कुठल्या सांध्यात बसलेला असतो हे इतक्या थोडक्यात सांगितलेले मला त्यांत आढळले नाही.

दुसरी जागा एका सर्वनामाची. धनंजय आपल्या 'बायको'ची ओळख करून देतो तेव्हा त्याची जीभ घसरते. 'ही'च्या जागी 'हा' येतो आणि 'माझी'च्या जागी 'माझा'. महाराष्ट्रात या घसरणीवर लोक हसतात ते घाबरलेल्या माणसाची त्रेधा म्हणून. आमच्याकडे हसू तिथेच थांबत नाही, कारण हे वाक्य आम्ही चित्रपटाच्या कितीतरी आधी ऐकलेले आहे. कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याची नक्कल करायची तर आमच्यातले लोक नेमके हेच वाक्य घेतात. कन्नडात पुरुष आणि स्त्री सोडले तर बाकी सारे जग नपुंसक; टेबल, खुर्ची, भिंत, रस्ता यांना लिंगाचा त्रास नाही. शिवाय 'नन्न' म्हणजे माझा, माझी, माझे, सगळे एकच. त्या भाषेतून मराठीत येणारा माणूस अडखळणारच. पु. लं.नी 'गणगोत'मध्ये बेळगावच्या रावसाहेबांना अमर केले ते याच हेलासकट. काही काळ ते येथे राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवीत होते, त्यांचा कान या बोलीला सरावलेला होता. त्यांनी ती बोली प्रेमाने टिपली यात शंका नाही. पण पुण्या-मुंबईच्या सभागृहात त्यावर जो हशा पिकतो त्यात किती प्रेम आणि किती 'बघा कसे बोलतात' हे असते, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

तर 'हा माझा' वर कट्टा खदखदला की मास्तर म्हणतात, "आम्ही चाळीस वर्षं असंच बोलतोय, आम्हाला कुणी टाळ्या दिल्या नाहीत!" सगळे हसतात, मास्तरही. तरी ते हसू क्षणभर अडखळतेच.

मला वाटते, या ठिकाणी चित्रपट आपल्यापेक्षा सज्जन आहे. धनंजयची जीभ दुसऱ्याच्या बोलीची टिंगल करीत नाही. ती खरे बोलते. पार्वती 'हा'च आहे! माणूस खोटे बोलायला निघाला आणि व्याकरणाने त्याला साथ दिली नाही. आणि हे मराठीत फार अवघड आहे, हेही ध्यानात घ्यावे. आपल्याकडे 'मी' म्हटले की सुटका नसते. मी आलो की मी आले, दमलो की दमले, प्रत्येक क्रियापदाशी कबुली द्यावी लागते. पार्वतीला तोंड उघडायची चोरी. कन्नडात 'नानु बंदे' एवढे म्हटले की झाले, बोलणारा लुंगीत आहे की लुगड्यात हे त्यावरून कळत नाही. तेलुगूतही पहिल्या पुरुषात हा जाच नाही. या गोष्टीचे तेलुगूत 'चित्रम् भळारे विचित्रम्' झाले, २००३ साली कन्नडात 'ओळु सार बरी ओळु' आले. हैदराबादच्या आणि इकडच्या दुभाषी घरांत दोन्ही पाहून तुलना करणारे आहेत. गोष्ट तिकडे गेली, तिच्यावर लोक हसलेही. पण मराठी (आणि मूळ हिंदी) सोंगाड्याला वाक्यावाक्याला जी परीक्षा द्यावी लागते, तिच्यातून तिकडच्या सोंगाड्याची निम्मी सुटका भाषेनेच केलेली आहे.

कट्ट्याचे दोष सांगायला हवेत. तो चित्रपट पाहत नाही, वेचे पाहतो. विजू खोटे यांच्या बळीबद्दल आमच्याकडे कधी कुणी बोललेले मला स्मरत नाही, कारण तो धागा मुळातच कच्चा आहे. ती काटछाट योग्यच झाली. चारही नायिकांना वाट पाहण्यापलीकडे विशेष काम नाही, हे मात्र कट्ट्याने कधी मनावर घेतले नाही. कसे घेणार? तिथे बायका बसत नाहीत. माझ्या घरी जेव्हा हा विषय निघाला तेव्हा सौ.ने एकच विचारले, "त्या लीलाबाईला शेवटी काय वाटलं असेल?" एकटी म्हातारी, मोठे घर, घरात सुना आल्या म्हणून हरखलेली, आणि मग कळते की त्या सुनाच नव्हत्या. चित्रपट त्यावरून भरभर पुढे जातो, त्याला सगळ्यांना माफ करायचे असते. कट्टा तर तिथपर्यंत पोचतही नाही. खोली न मिळण्याची ती जी मूळ लाचारी, परगावी शिकायला वा नोकरीला गेलेल्या आपल्या प्रत्येक मुलाने जी भोगली आहे, तिचाही उच्चार होत नाही. सत्तर रुपये तेवढे राहिले.

आमच्या पिढीला या चित्रपटाचे पाठांतर करावे लागले नाही; मराठी घरात होती, शाळेत होती. पुढच्या पिढीतली मुले कुणी कन्नड माध्यमात, बहुतेक इंग्रजीत. त्यांचे मराठी वाचन दुकानाच्या पाटीपुरते. तरीही यांतले अनेक जण 'बनवाबनवी' तोंडपाठ म्हणतात, यावर वडीलधारे दोन तट पाडून भांडतात. एक तट म्हणतो, ही काय भाषा झाली, चार विनोद म्हणजे मराठी काय? दुसरा म्हणतो, चार तर चार.

मध्यंतरी एका मित्राचा नातू सुट्टीत आला होता. नववीत आहे, कन्नड झकास बोलतो, मराठी आजीपुरते. घरात तो प्रसंग लागला, सगळे हसले, तो नाही. त्याने विचारले, "यात चुकलं काय?" त्याला 'हा माझा' खटकलेच नव्हते. आजोबांनी समजावून सांगितले, हा, ही, हे. माझा, माझी, माझे. मुलगा हुशार, पाच मिनिटांत नियम कळला. हसू मात्र आले नाही. मित्राने हे कट्ट्यावर सांगितले तेव्हा नेहमीचे शेरे कुणी मारले नाहीत. नियम शिकवता येतो. नियम मोडल्याचे कानाला आपोआप टोचणे, ते कुठल्या इयत्तेत शिकवायचे?

मास्तरांनी तो पेच आपल्या परीने हलका केला. म्हणाले, आमच्या नातवंडांचेही तेच. 'नागरहावु'तल्या (१९७२) चामय्या मेष्टरांसारखे बोलून दाखवले तर विचारतात, अज्जा, हे कोण? पुट्टण्णा कणगालांचा तो चित्रपट म्हणजे त्यांच्या पिढीचा 'बनवाबनवी'; विनोदी नव्हे, पण असाच जिभेवर बसलेला.

त्याच संध्याकाळी धनंजयची ती ओळख कन्नडात करून पाहण्याची टूम निघाली. 'इवनु नन्न हेंडती' असे पुस्तकी भाषेत म्हणून पाहिले. काही जमले नाही. धारवाडी वळणाने 'ईकी'च्या जागी 'इंव' घालून पाहिले. थोडे जमले, पण घसरण एकाच जागी होते, 'नन्न' जागचे हलतच नाही. मराठीत दोन पायऱ्या घसरतात तिथे एकच घसरते, असा मास्तरांनी निवाडा दिला. मग कुणीतरी कन्नड वाक्याच्या मधोमध मराठी 'माझा' खोचले : 'इंव माझा हेंडती.' आम्ही दोन्हीकडचे लोक हे कुठल्या भाषेत बसते याचा काथ्याकूट करीत असताना चहाचे ग्लास गोळा करणारा पोरगा मोठ्याने हसला. त्याच्या घरी उर्दू बोलतात.