लांडगा आला रे, पण कोणत्या शास्त्रानं?

पौर्णिमेच्या रात्री माणसाचा लांडगा झाला, ही गोष्ट आपण मुकाट ऐकून घेतो. पण लेखकानं ‘याला शास्त्रीय कारण आहे’ म्हटलं की आपण हिशेब मागतो. भारतीय लांडग्याचं वजन साधारण वीस किलो. सत्तर किलोचा माणूस लांडगा झाला, तर उरलेले पन्नास किलो गेले कुठे? शाप असेल तर हा प्रश्न पडत नाही, जनुक असेल तर पडतो. म्हणजे शास्त्र आणल्यानं कथा सोपी होत नाही, तिच्यावर कर्ज चढतं.

इंग्रजी लेखकांनी ते फेडायची खटपट बरीच केली. जेम्स ब्लिशनं १९५० च्या ‘देअर शॅल बी नो डार्कनेस’ कथेत सगळा भार मेंदूतल्या पीनियल ग्रंथीवर टाकला. जॅक विल्यमसनच्या ‘डार्कर दॅन यू थिंक’मध्ये संभाव्यतेचं गणित आहे आणि माणसांत रक्तानं मिसळलेली एक प्राचीन जात आहे. पटण्याच्या बाबतीत दोन्ही सारखीच. पण विल्यमसनचं कारण नायकाच्या रक्तापर्यंत पोचतं. ‘हे कसं घडतं’ विचारत निघालेला माणूस ‘मग मी कोण’ इथे येऊन थांबतो. कारण खरं वाटणं पुरेसं नाही, त्याची किंमत कुणीतरी मोजली पाहिजे.

कधीकधी ती भलताच मोजतो. १९६४ मध्ये ली इलिस या डॉक्टरांनी एका वैद्यकीय लेखात या दंतकथांचं मूळ पोर्फिरियात शोधलं. या आजाराच्या काही प्रकारांत ऊन सोसत नाही, त्वचा फाटते, अंगावर केस वाढतात. १९८५ मध्ये डेव्हिड डॉल्फिन या रसायनशास्त्रज्ञानं हाच आजार रक्तपिपासू व्हँपायरशी जोडला. ती बातमी गाजली आणि खऱ्या रुग्णांच्या वाट्याला टिंगल आली. कथेत हे कारण वापरणाऱ्यानं एवढं स्वतःला विचारावं: आपण राक्षसाचा रुग्ण करतोय, की रुग्णाचा राक्षस?

मराठीत असं काही लिहायचं तर युरोपातलं धुकं उसनं आणायची गरज नाही. इंदापूर तालुक्यातल्या कळस, कडबनवाडीच्या माळांवर लांडगा आजही आहे. तिथे तो दंतकथा नाही. मेंढपाळाच्या कळपावर डोळा असलेला शेजारी आहे. आणि तिथलं सगळ्यात जवळचं शास्त्र म्हणजे रेबीज. आपल्या ‘पिसाळणे’ या एका शब्दात अर्धी दंतकथा आहे. चावा लाळेतून विषाणू पोचवतो, मग आठवडे किंवा महिने काहीच दिसत नाही, आणि एक दिवस ओळखीचा माणूस पाण्याला भिऊ लागतो. लक्षणं दिसल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर वाचतो. कथाकाराला यापेक्षा ताणलेला काळ कुठे मिळणार?

दुसरं कारण त्याहून विलक्षण आहे. पुणे परिसरात २०१४ मध्ये लांडग्यांच्या कळपात वेगळ्याच रंगाची जनावरं दिसली. पुढे त्यांच्या जनुकांचा अभ्यास झाला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानं सांगितलं की हे कुत्रा आणि लांडगा यांचे संकर आहेत. माळ तुटत गेले, वस्त्या आणि उकिरडे वाढले, भटकी कुत्री लांडग्याच्या हद्दीत शिरली. दंतकथेत माणूस लांडग्यात शिरतो. इथे आपलं गाव त्याच्या रक्तात शिरलंय.

अमर कौशिकच्या ‘भेडिया’ (२०२२) चित्रपटाला या दिशेची चाहूल होती. अरुणाचलच्या जंगलातून रस्ता काढायला आलेल्या भास्करला लांडगा चावतो, आणि तो ज्यांच्या बाजूनं आला होता त्यांच्यावरच उलटतो. कारण मात्र तिथे दैवीच राहतं. जंगल आपला राखणदार स्वतः निवडतं, म्हणून प्रेक्षकाला फारसं काही ठरवावं लागत नाही. शास्त्र अशी सुटका देत नाही. संकर झालाय म्हटलं की लगेच प्रश्न उभा राहतो: ज्याची मेंढरं जातात त्यानं काय करायचं, आणि कायद्यानं संरक्षित असलेला लांडगा शुद्ध तरी किती उरलाय?

म्हणून चांगलं शास्त्रीय कारण भीती घालवत नाही, तिचा पत्ता बदलतं. चंद्रावरून बोट काढून ते आपल्या उकिरड्याकडे दाखवतं. कळसच्या माळावरची अशी गोष्ट कुणी लिहिली, तर तिला चांदीच्या गोळीची गरज पडणार नाही. ती गोळी कुणावर झाडायची, हेच तिला ठरवता येणार नाही.