गाडीला वेळ आहे

एखाद्या कामाला पुरेसा वेळ आहे, हे इंग्रजी बोलणारे अनेक तऱ्हांनी सांगतात. ‘प्लेंटी ऑफ टाइम’, ‘टाइम टू स्पेअर’, ‘ऑल द टाइम इन द वर्ल्ड’. यांच्या आधी बहुधा ‘हॅव’ हे क्रियापद येते. माणूस मालक आणि वेळ त्याच्या गाठीची पुंजी. वेळ म्हणजे पैसा, हा उपदेश बेंजामिन फ्रँकलिनने तरुण व्यापाऱ्याला केला तो १७४८ साली. इंग्रजीत वेळ खर्चतात, वाचवतात, गुंतवतात. ही पैशाची क्रियापदे वेळेला कशी चिकटली आहेत, याची उकल लेकॉफ आणि जॉन्सन यांनी १९८० च्या आपल्या पुस्तकात केली आहे.

मराठीची मांडणी निराळी आहे. रत्नागिरी स्थानकावर कुणी घाई करू लागला की सोबतचा म्हणतो, ‘थांब, गाडीला वेळ आहे.’ इथे वेळ गाडीचा आहे. तसाच तो भरतीला असतो, लग्नाला असतो, हापूस उतरायलाही असतो. घटना अजून लांब आहे एवढेच बोलणारा सांगतो; त्यातून आपल्याला मिळालेली मोकळीक ऐकणाऱ्याने ओळखायची. माणसाविषयी बोलायचे झाले तर ‘मला वेळ आहे’. मला भाऊ आहे, मला ताप आहे, मला सुट्टी आहे, याच पंगतीतले हे वाक्य. पैसे आणि छत्री मात्र ‘माझ्याकडे’ असतात.

शिवाय आपल्याकडे वेळ दोन लिंगांत वावरतो. ‘वेळ गेला’ म्हणजे काही काळ सरला. ‘वेळ गेली’ म्हणजे संधी हुकली. खूप असू शकतो तो पुल्लिंगी वेळ. साधावी लागते ती स्त्रीलिंगी वेळ. संस्कृतातल्या ‘वेला’ शब्दाला मर्यादा, किनारा, भरती हेही अर्थ आहेत. किनाऱ्यावर राहणाऱ्याला त्याचे नवल वाटू नये.

‘सावकाश’ हा शब्दही पाहावा. स-अवकाश, म्हणजे अवकाशासह. पंगतीत यजमान ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो, तेव्हा तो पाहुण्याला ऐसपैस जागा करून देतो. आज हा शब्द घाटातल्या पाटीवर ‘हळू’ एवढ्याच अर्थाने उरला आहे. ‘पाऊस यायला अवकाश आहे’ म्हणजे मध्ये बराच काळ आहे; ‘पाऊस यायचा अवकाश, की वीज गेलीच’ म्हणजे मध्ये क्षणही नाही. एकाच शब्दाने आपण दोन्ही टोके गाठतो. इंग्रजीलाही जागेची ही जाणीव परकी नाही. ‘ॲम्पल’ ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ विस्तीर्ण, प्रशस्त. तेव्हा इंग्रजी म्हणजे निव्वळ हिशेबाची भाषा, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

माझी तक्रार आहे ती आपल्या अनुवादाविषयी. गेली काही वर्षे मी अनुवादित कादंबऱ्यांतली आणि चित्रपटांखालच्या मराठी ओळींतली वाक्ये टिपून ठेवतो. ‘तुमचा वेळ घ्या’, ‘माझ्याकडे जगातला सगळा वेळ आहे’ अशी वाक्ये त्यांत वारंवार भेटतात. पहिल्याला ‘सावकाश होऊ द्या’ आणि दुसऱ्याला ‘मला कसलीच घाई नाही’ हे पर्याय हाताशी असूनही ती तशीच छापली जातात.

सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या काळात त्यांनी चालवलेल्या भाषाशुद्धीच्या चळवळीचा रोख शब्दांवर होता: ‘तारीख’ जाऊन ‘दिनांक’ यावा. त्या चाळणीत ‘मला फुरसत आहे’ हे वाक्य अडकेल, कारण ‘फुरसत’ अरबी-फारसीतून आली आहे. ‘माझ्याकडे भरपूर वेळ आहे’ मात्र सहज गळून खाली येईल, कारण त्यात एकही परका शब्द नाही. माझ्या मते पहिलेच वाक्य अधिक मराठी आहे. पाहुणा शब्द घरात रुळतो. वाक्याचा साचा बदलला की घराची रचनाच बदलते.

हा वाद केवळ व्याकरणाचा नाही. सवड नेहमी कशाला तरी असते: वाचायला, भेटायला, बोलायला. साठवलेल्या वेळेला असा हेतू लागत नाही. कोकणातल्या घरी एकटी राहणारी आई मुंबईच्या मुलाला विचारते, ‘सवड आहे का रे बोलायला?’ नसली, तर दोष कामाच्या रगाड्यावर जातो आणि दोघांचाही मान राहतो. ‘तुझ्याकडे माझ्यासाठी वेळ आहे का?’ या प्रश्नात मुलगा सावकार होतो आणि आई मागणारी. निवृत्तीनंतर ‘माझ्याकडे वेळच वेळ आहे’ म्हणणारा माणूस कुणाला नको असलेला माल दाखवत बसल्यासारखा वाटतो. ‘आता सवड झाली’ म्हणणाऱ्याकडे पुढचे काहीतरी असते.

म्हणून अनुवादकांना माझी विनंती एवढीच आहे. इंग्रजी वाक्यात वेळ कुणाच्या मालकीचा आहे ते जरूर पाहावे, पण मराठीत उतरवताना आधी विचारावे: वेळ आहे, तो कशाला?