संकेतस्थळबंदी, प्रताधिकार आणि लोकमत : एक चिकित्सा

प्रस्तावना

चित्रपट, पुस्तके किंवा शोधनिबंध विनामूल्य उतरवून देणारे संकेतस्थळ न्यायालयाच्या आदेशाने बंद झाले की लोकमताचा सूर बहुधा एकच असतो : सामान्य माणसाची वाट अडवली. या एका सुरात वेगवेगळे दावे मिसळलेले असतात. ते सुटे करून तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी कसोटी एकच घेतली आहे : विनामूल्य प्रतीमुळे मूळ निर्मात्याचे काय बुडते?

बंदीची पद्धत

पहिला दावा बंदीच्या पद्धतीविषयीचा आहे व तो रास्त आहे. २०१२ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाचा आधार घेऊन इंटरनेट कंपन्यांनी संपूर्ण संकेतस्थळेच बंद केली. त्याविरुद्ध ९ जून २०१२ रोजी मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत तरुण मुखवटे घालून रस्त्यावर उतरले. त्याच महिन्यात न्यायालयाने स्पष्ट केले की बंदी विशिष्ट दुव्यांपुरतीच आहे. २०१६ साली ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. गौतम पटेल यांनीही दुव्यांची पडताळणी केल्याशिवाय सरसकट बंदी देण्यास नकार दिला. एप्रिल २०१९ मध्ये मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने, मुख्यतः चोरीच्याच सामग्रीवर चालणारी संकेतस्थळे संपूर्ण बंद करता येतील, असा निर्णय दिला. तरीही पद्धतीवरचा आक्षेप हा चोरीचे समर्थन ठरत नाही.

‘कोणाचेच नुकसान नाही’

२०१६ साली ‘सैराट’ची प्रत इंटरनेटवर फुटली, तरीही चित्रपटाने विक्रमी कमाई केली. यावरून चोरीने नुकसान होत नाही असा निष्कर्ष काढला जातो. तो फसवा आहे. भरघोस पिकाच्या वर्षी संत्र्याच्या बागेतून दोन टोपल्या गेल्या तर बागवानाला जाणवत नाही. म्हणून नापिकीच्या वर्षीही तसे करावे, असे वरूड परिसरात कोणी म्हणणार नाही. जेमतेम खर्च भरून काढणाऱ्या चित्रपटाला तेवढीच गळती बुडवते.

शोधनिबंधांचा प्रश्न

शोधनिबंधांच्या बाबतीत हीच कसोटी उलटे उत्तर देते. डिसेंबर २०२० मध्ये एल्सव्हिअर, वायली व अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी ‘सायहब’विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. ऑगस्ट २०२५ मध्ये, न्यायालयाला दिलेल्या हमीचा भंग झाला म्हणून, ते बंद करण्याचा आदेश निघाला. येथे निबंधाचा लेखक मानधन घेत नाही, परीक्षकही घेत नाही. विनामूल्य प्रतीने दोघांचेही काही बुडत नाही. बुडतो तो प्रकाशकाचा महसूल. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेस तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले; परंतु ती शासकीय व्यवस्थापनाखालील सुमारे ६,३०० संस्थांसाठी. तालुक्याच्या गावांतील बहुतेक महाविद्यालये खाजगी शिक्षणसंस्था चालवितात. तेथील संशोधकाला प्रथम वैध वाट मिळावी व मग बंदी यावी, ही मागणी न्याय्य आहे.

आपला दुटप्पीपणा

मात्र हाच युक्तिवाद करणारा प्राध्यापक, हयात मराठी लेखकाच्या कादंबरीची पीडीएफ विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकताना क्षणभर थांबत नाही. हजार प्रतींची आवृत्ती खपायला जेथे वर्षे लागतात, तेथे शंभर विद्यार्थ्यांचा एक गट म्हणजे आवृत्तीचा दशांश होय. ‘शैक्षणिक उपयोग’ हे त्याचे उत्तर अपुरे आहे. दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रत प्रकरणात २०१६ साली न्यायालयाने कलम ५२ नुसार अध्यापनासाठी लागणाऱ्या उताऱ्यांना मोकळीक दिली. त्या निर्णयाचा आधार घेऊन अख्खे पुस्तक गावभर वाटणे म्हणजे मिळालेली सवलतच धोक्यात घालणे आहे. वैध वाटाही आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो. त्यामुळे साने गुरुजींचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.

समारोप

सारांश, बंदीच्या बाजूने वा विरोधात सरसकट मत देता येत नाही. जेथे लेखकाची उपजीविका विक्रीवर आहे तेथे प्रत विकत घ्यावी किंवा ग्रंथालयाने घ्यावी. जेथे लेखक स्वतःच ज्ञान विनामोबदला देतो तेथे कुंपण सैल व्हावे. सायहबची बाजू घेण्याचा नैतिक अधिकार आपल्याला तेव्हाच मिळेल, जेव्हा आपल्या गटावरील ती कादंबरी आपण स्वतः काढून टाकू.